खलाशाच्या बायकोचं दार

वाहिनीने मालिकेच्या लेखिकेला काम दिलं ते असं: गाजलेल्या जुन्या कादंबऱ्यांतली माणसं उचलायची आणि एकाच इमारतीत भाडेकरू म्हणून कोंबायची. एकीतला दरोडेखोर, दुसरीतला विधुर डॉक्टर, तिसरीतली खलाशाची बायको, बेपत्ता नवऱ्यासाठी जन्मभर दार उघडं ठेवणारी. म्हणजे आवळ्याची मोटच की!

पण ती बायको लेखिकाबाईंना हवीच होती. त्यांचे वडीलही एका सकाळी कामाला म्हणून गेले ते गेलेच. आई मात्र तळमजल्याच्या दोन खोल्यांत ठाण मांडून. "ते आले तर कुठे जातील?" या एका वाक्यापुढे मामा, काका, घरमालक, सगळ्यांनी हात टेकले होते. यंदा म्हातारी न्हाणीघरात दोनदा पडली. पुन्हा पडली आणि कुणाला कळलंच नाही तर? आईला आपल्या घरी आणायचं, बस्स! पण सरळ सांगून ऐकेल तर ती आई कसली?

मग त्यांनी मालिकेतून डाव टाकला. खलाशाची बायको दाराला कुलूप लावते आणि डॉक्टरकडे राहायला जाते, असा भाग लिहिला आणि तो लागला तेव्हा मुद्दाम आईशेजारी जाऊन बसल्या.

कुलूप लागलं. आईने टीव्ही बंद केला.

"लेकी बोले सुने लागे! मला एकटीला सांगायला अख्ख्या गावाला टीव्हीपुढे बसवलंस होय गं?"

"आई, ते नाही येणार आता."

"हे तू मला सांगतेस? मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं."

"मग?"

"अगं वेडे, एकटी बाई दिसली की जो तो तिला आपल्या घरी न्यायला बघतो. भावाच्या स्वयंपाकघरात राब, नाहीतर दिराची पोरं सांभाळ. नवऱ्याची वाट बघतेय म्हटलं की कुणी हलवत नाही. या दोन खोल्या माझ्या आहेत. तुझ्याकडे माझी खाट कुठे टाकणार होतीस?"

बाईंनी हॉलमधला सोफा सरकवून जागा केली होती. त्या ओशाळल्या, आणि खरं सांगायचं तर आईचा त्यांना भयंकर अभिमान वाटला.

पुढच्याच आठवड्यात खलाशाची बायको डॉक्टरशी भांडून परत आली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "तिचं घर आहे ते," बाई म्हणाल्या. रविवारी त्या मिस्त्रीला घेऊन आईकडे गेल्या आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला.

आईने तो दोन्ही हातांनी ओढून बघितला.

"पण कुणी विचारलं तर वाट बघतेय असंच सांग हं," तिने बजावलं. "तुझा मामा अजून टपून बसलाय."