वाऱ्याचा हातोडा

मलकापुरात वादळ झालं की विमा कंपनीच्या त्या सर्व्हेअर बाई नुकसान पाहायला हमखास यायच्या. शिडीपाशी चपला काढून, पदर खोचून थेट छपरावर चढायच्या आणि तिथूनच अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या.

यंदा आमच्याच घराचे पत्रे उडाले. छपराचा ठेकेदार म्हणाला, "काकी, क्लेम मोठा करून देतो." आम्हाला न विचारताच त्यानं वर जाऊन चांगल्या पत्र्यांनाही ठोकून पोचे पाडून ठेवले.

बाई चढल्या. खाली गल्ली माना वर करून उभी. वरून आवाज आला, "आवं ठेकेदार, वारा हातोडा घिऊन आलता व्हय?"

सगळे खो खो हसले. मला मात्र वेगळीच धास्ती. या खोट्यापायी आमचा खरा क्लेमही बुडणार!

बाई खाली उतरल्या आणि ठेकेदारासमोर उभ्या राहिल्या. "वाऱ्यानं उडालेलं मी लिहिते. ठोकलेलं तुमी पदरमोड करून बदलायचं. आन् तुमच्या नावानं तक्रार आजच जाती."

ठेकेदाराची मान खाली गेली. मला राहवेना. मी धावत जाऊन बाईंचे हात धरले, तर ते थरथरत होते.

"उंचीची लय भीती वाटती मला," त्या हळूच म्हणाल्या आणि शेजारच्या छपराकडे निघाल्या.