पोटात ठेवलेल्या गोष्टी

जे कुणालाही सांगायचं नाही असं आपण ठरवतो ना, त्याचेच किस्से सगळ्यात जास्त साठतात. माझ्याकडे माझ्या पोटाचे आहेत. सहा वर्षांचे!

दिल्लीत मयूर विहार ते मिनिस्ट्री असा आमचा तिघांचा कारपूल होता. गाडी सलीमभाईंची. ते मूळचे लातूरचे, माझ्याहून बरेच सीनियर. पुढच्या सीटवर दिघेबाई, मागे मी. घरी नवरा अनिल आणि मुलगी गार्गी. एवढ्याच माणसांपासून लपवायचं होतं, आणि त्यासाठी मी जेवढी अक्कल खर्च केली तेवढी ऑफिसात केली असती तर आज दोन प्रमोशन्स पुढे असते.

* * *

सुरुवातीला सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण. डॉक्टर म्हणाले, "आयबीएस है. आतें ठीक हैं, बस उनका बर्ताव बिगड़ा हुआ है."

घरी आल्यावर अनिलने फाईल उघडली. प्रत्येक पानावर 'नॉर्मल'.

"चलो, सुटलो! तुला काहीच नाहीये!" असं म्हणून तो आनंदाने खाली गेला आणि गरम जिलेबी घेऊन आला. त्याचा चेहरा बघून मी दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागली. अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती काम'.

तेव्हापासून मी घरातही बोलणं सोडलं. जिला काहीच नाहीये, तिने सांगायचं तरी काय!

* * *

मग ऑनलाइन डॉक्टर. गार्गीला "केस गळतायत गं" असं सांगून मी तिच्याकडून मोबाईलवर ॲप टाकून घेतलं. पहिले डॉक्टर हिंदीभाषक, फार अदबीने बोलणारे.

"बताइए मॅडम, क्या तकलीफ है?"

"पेट में कळ आती है."

"कल आती है?"

"हाँ जी. बहुत जोर से कळ आती है!"

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, "और आज?"

"आज भी कळ आ रही है!"

"मॅडम," ते अतिशय शांतपणे म्हणाले, "फिर आप कल ही बात कर लीजिए."

इतकी वर्षं दिल्लीत राहून 'मरोड़' हा शब्द मला कधी लागलाच नव्हता. माझं पोट दिल्लीत येऊनही मराठीतच दुखत होतं.

* * *

दुसऱ्या डॉक्टरांनी एक तक्ता पाठवला. सकाळी जे काही होईल त्याची सात चित्रं, प्रत्येकाला नंबर. रोजचा नंबर डायरीत लिहायचा आणि आठवड्याने फोनवर सांगायचा. घरी सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून लंचमध्ये रेकॉर्ड रूममध्ये जायचं, कपाटाआड उभं राहायचं, आणि नेटवर्क कमी म्हणून ओरडून बोलायचं.

"सोमवार को छह! मंगल को सात! बुधवार को भी सात, और एक दिन में तीन बार!"

कपाटापलीकडून दिघेबाईंचा आवाज आला, "अगं वैशाली, सहा नंबर माझ्या टेबलावर आहे! आणि सात तीनदा कुणी मागितला? वरून फोन आला होता का?"

मी म्हटलं, "हो."

बिचाऱ्या संध्याकाळपर्यंत सात नंबरची फाईल शोधत होत्या.

* * *

हे हसण्यासारखं झालं. सगळेच किस्से तसे नाहीत.

डॉक्टरांनी कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, सगळं काही दिवस बंद करायला सांगितलं. एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा होता, पण घाबरून मी कधी सुरूच केला नाही. माझी नणंद, माधुरीताई, दिल्लीतल्याच द्वारकेला राहतात. हाताला अशी चव की आसपासच्या सेक्टरांतली मराठी मंडळी त्यांच्या घरचं आमंत्रण चुकवायची नाहीत. मी मात्र दरवेळी म्हणायची, "माझा उपवास आहे."

सोमवारी उपवास. शनिवारी उपवास. एका रविवारीही उपवास! त्यांच्या शेजारणीने तर आपल्या सुनेला माझं उदाहरण दिलं, "देखो, कितनी धार्मिक हैं!"

माधुरीताई त्यावर हसल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याचं कूट, तूप, हिरवी मिरची. यातलं एकही मला झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, "आज निर्जळी आहे."

त्यांनी ताट उचललं आणि आत नेलं.

दिवाळीला अनिलला त्यांचा फोन आला. "सगळे या जेवायला. वहिनींना आमच्या घरचं पाणी तरी चालतं का, तेवढं विचारून घे."

* * *

गार्गीच्या शाळेचं बारावीचं फेअरवेल होतं. तिने मैत्रिणींबरोबर लावणी बसवली होती. दोन महिने हॉलमधलं टेबल बाजूला सरकवून प्रॅक्टिस. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तरी ऑडिटोरियममध्ये रांगेच्या मधोमध जागा मिळाली आणि तिथेच माझा धीर सुटला. दोन्ही बाजूंना दहा-दहा माणसं. दार लांब. तिचा नंबर यायच्या आधीच मी "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" करत सगळ्यांचे गुडघे ओलांडून बाहेर पडले, ती परत आत गेलेच नाही. अनिल त्या दिवशी टूरवर होता.

कार्यक्रम संपल्यावर गार्गी धावत आली. नऊवारी, नथ, डोळ्यांतलं काजळ पसरलेलं.

मी तिला मिठी मारली. "फार सुंदर नाचलीस गं! शेवटची गिरकी तर क्या बात है!"

ती मिठीतून मागे सरकली.

"आई, म्युझिक सिस्टीम बंद पडली. आमचा आयटम कॅन्सल झाला."

त्यानंतर ती पुण्याला कॉलेजला गेली. फोनवर सगळं सांगते. पण आपण कशात भाग घेतलाय, ते आजपर्यंत कधी सांगितलेलं नाही.

* * *

तिसऱ्या डॉक्टर नागपूरच्या निघाल्या. स्क्रीनवर माझं आडनाव वाचून म्हणाल्या, "मराठीत बोला ना!" मी अर्धा तास बोलले. कळ, मुरडा, पोटात गुबारा धरणं, सगळे शब्द एकदम मोकळे सुटले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरी कोणाला माहीत आहे?"

"नाही."

"ऑफिसात?"

"छे हो!"

"गाडीत बसल्यावर कशाची भीती जास्त वाटते? पोटाची, की कुणाला कळेल याची?"

मी म्हटलं, "गोळ्या कोणत्या घेऊ?" त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, जेवणाच्या वेळा बांधून दिल्या, बंद केलेले पदार्थ एकेक करून परत सुरू करायला लावले. प्रिस्क्रिप्शन मोबाईलवर आलं, ते मी आमच्या मार्केटमधल्या केमिस्टला दाखवलं. ते म्हातारे सरदारजी चष्मा वर करून बराच वेळ वाचत राहिले.

"दो और तीन नंबर की है जी," ते म्हणाले. "ये पहली वाली आपको कहीं और से लेनी पड़ेगी."

मी मोबाईल हातात घेतला. पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, 'एका माणसाला सांगा.'

* * *

तो एक माणूस ठरवायला मला तीन महिने लागले. शेवटी सलीमभाई सुचले. ते आता रिटायर होऊन लातूरला राहतात. लांबच्या माणसाला सांगणं सोपं, असा माझा हिशेब.

सलीमभाईंना एक खोड होती. घरून निघालं की दहा मिनिटांवर एक पेट्रोल पंप लागायचा. तिथे ते रोज थांबायचे. न चुकता! "टायरची हवा बघून घेतो." उशीर होत असला तरी थांबणार. संध्याकाळी परत येताना पुन्हा तेच. चारही टायर, मग डिकीतली स्टेपनी. मी तेवढ्यात पंपाच्या वॉशरूमला जाऊन यायची आणि परत येऊन वर कटकटही करायची. "सलीमभाई, टायर आहेत की फुगे?" दिघेबाई हसून लोटपोट. ते नुसते म्हणायचे, "गाडी जुनी आहे ताई."

एकदा बायोमेट्रिकला लेटमार्क लागला, तेव्हा मी सगळ्या सेक्शनसमोर त्यांची नक्कल केली होती. आणि फेअरवेलला आम्ही त्यांना काय भेट दिली? हवा भरायचा पंप! आयडिया माझी. भाषणही माझंच. सगळ्यात जास्त तेच हसले.

तर मी त्यांना फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग डोळे मिटून सांगून टाकलं, "सलीमभाई, मला पोटाचा त्रास आहे. सहा वर्षं. कुठेही, कधीही जावं लागतं. कुणाला बोलले नाही."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"आता ऑफिसला कशा जाता, ताई?"

"मी आणि दिघेबाई कॅबने जातो. रोजचा ठरलेला ड्रायव्हर आहे."

"अच्छा," सलीमभाई म्हणाले. "तो थांबतो का हवा बघायला?"