टच-पकड

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना काकांनी, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांनी, डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या अंगाला एक गाळा भाड्याने घेऊन व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. आईवडील नाशिकला होते, कॉलेजसाठी मी मावशीकडे राहायचे. काका संध्याकाळपर्यंत एमआयडीसीतल्या कंपनीत असायचे आणि मावशीला जेवून आडवं झाल्याशिवाय चालायचं नाही. म्हणून दुपारभर गल्ल्यावर मी. टोकनं द्यायची, शाळेच्या गणवेशातल्या मुलांना घरी पिटाळायचं आणि कोणी मशीनला लाथ मारली की ओरडायचं, एवढंच काम.

मशीनं चार होती. तिनांवर गाड्या, विमानं असलं काहीतरी. गर्दी चौथ्यावर. त्यात दोघं शेजारी उभं राहून खेळायचे आणि पडद्यावर त्यांचे दोन मल्ल एकमेकांना बडवायचे. वर घड्याळ उलटं धावायचं. ते शून्यावर आलं की ज्याची ताकद जास्त उरली असेल तो जिंकला.

दुपारी दोनअडीचला पार्लर ओस पडायचं. तेव्हा मी खेळायला लागले. डावीकडे उभी राहायचे, कारण तिथून दार दिसायचं. पण मल्ल हलवायची डावीकडची स्टिक तिरकी वळायची नाही, आणि आगीचे गोळे वगैरे फेकायचे तर ती तिरकी वळवावी लागते. मग मी एक जाडजूड पहिलवान निवडला, ज्याला गोळे फेकावेच लागत नव्हते. त्याचं काम पकडणं. हळूहळू मला एक युक्ती सापडली. समोरच्याचा मार अडवायचा तर स्टिक मागे ओढून धरायची असते. मी पायावर एक छोटीशी लाथ मारायचे. समोरचा ती अडवायला स्टिक मागे ओढून बसला की तशीच एक पाऊल पुढे जाऊन त्याला उचलून आपटायचे. मार अडवता येतो, पकड अडवता येत नाही. मुलं त्याला नंतर टच-पकड म्हणायला लागली.

आमच्या पार्लरचा बादशहा म्हणजे गाळ्याच्या मालकांचा मुलगा. बिल्डिंग उभी होती ती जमीन त्यांचीच, पूर्वी तिथे त्यांची भाताची खाचरं होती. माझ्याच वयाचा, कॉलेज सोडलेला. एका संध्याकाळी त्याने सगळ्यांना हरवून झाल्यावर कोणीतरी गंमत म्हणून म्हणालं, "आता गल्ल्यावरच्या ताईला बोलवा."

मी गेले आणि जिंकले. परत खेळलो, परत मीच. तो म्हणाला, "बाजू बदल." उजवीकडची स्टिक चांगली होती, तरी मी तीच लाथ, तीच पकड केली आणि जिंकले.

"रडीचा डाव आहे हा!" मागून एकजण ओरडला. "चिंधीगिरी! लढ ना सरळ!"

मालकांचा मुलगा ओरडला नाही. मशीनकडे वरपासून खालपर्यंत बघत तो म्हणाला, "ह्या मशिनीन काय तरी हाय."

त्या एका वाक्याने पार्लर पोखरलं. आठवड्याभरात मुलं कुजबुजायला लागली की गल्ल्याखाली बटण आहे. कोणी म्हणे, काका खाकरले की मशीन माझ्या बाजूने फिरतं. मी कान खाजवला तरी दोघंजण वळून काकांकडे बघायचे. मी खेळायला उभी राहिले की मशीनभोवतीची पोरं आपली टोकनं परत खिशात टाकायची.

"मी मशीनला हातसुद्धा लावलेला नाही," काका म्हणाले.

पण त्याआधी एका रविवारी सकाळी मी डबा घेऊन गेले होते तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि काका मशीनचं मागचं दार उघडून आत हात घालून बसले होते. मला बघून त्यांनी दार लोटलं. "धूळ साफ करतोय," म्हणाले. हातात फडकं नव्हतं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. मी खरंच जिंकत होते, की मला जिंकवलं जात होतं? काकांना थेट विचारायचा धीर होईना, कारण त्यांच्याच घरी राहत होते.

मावशीचा संशय तिसरीकडेच होता. "मशीनबिशीन काही नाही गं," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "त्यांना गाळा परत हवाय. आधी बदनामी करायची, मग गिऱ्हाईक तुटलं की आपणच उठून जाऊ. बापाने शिकवून पाठवलाय त्याला."

शेवटी मीच मालकांच्या मुलाला म्हटलं, "दुसऱ्या मशीनवर खेळते. मग तर झालं?"

"ठाण्याला टेंभी नाक्याकडं एक पार्लर हाय," तो म्हणाला. "तिथं चल."

मावशीने मला एकटीला त्याच्याबरोबर जाऊ दिलं नसतंच, पण पार्लर त्याने निवडलं हेही तिला चाललं नाही. "तिथे त्याचे मित्र असतील. ते काही नाही. ठाण्यात उतरायचं आणि चालत सुटायचं. जे पहिलं दिसेल त्यात शिरायचं."

तो हसला. "चालंल, काकी."

असे आम्ही तिघं ठाण्याला गेलो. मावशी मध्ये आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. पहिलं पार्लर बाजारातल्या एका गल्लीत दिसलं, आमच्यापेक्षा अंधारं आणि गर्दीचं. मावशी पर्स मांडीवर घट्ट धरून स्टुलावर बसली आणि तिथल्या प्रत्येकाकडे चोरच असल्यासारखी बघायला लागली. तिथली मुलंही तिच्याकडे तशीच बघत होती. एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "कोणाची आई आली रे?"

आधी मालकांचा मुलगा आणि मी खेळलो. लाथ, पाऊल, पकड. बरोबर बसली. म्हणजे युक्ती इथेही चालत होती. मला एकदम हलकं वाटलं. मग मी आमच्या पार्लरमध्ये करायचे तसं केलं. एक-दोनदा आपटून ताकदीत पुढे गेले की मी मागे सरकायचे आणि वेळ संपायची वाट बघायचे. इथेही मागे सरकले. वाट बघितली. वेळ संपेना. तो पुढे आला, मारत सुटला आणि ती फेरी मी हरले. पुढच्या फेरीतही तसंच झालं.

मी वर घड्याळाकडे बघितलं. आकडे रमतगमत उतरत होते. आमच्या घड्याळाला एवढा दम नव्हता. मी शेजारी बघितलं, तर त्याची नजर आधी पडद्यावर आणि मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर. त्यालाही कळलं होतं. मला कळलंय हेही त्याला कळलं.

नंतर तिथला एक दाढीवाला कॉलेजचा मुलगा माझ्याविरुद्ध उभा राहिला. आता मी मागे सरकायचं सोडलं आणि पकडतच राहिले. त्याला सलग आपटल्यावर त्याने बटणांवर हात मारला.

"ए, टच करून पकड नाही चालत इकडे! इकडे सगळे सरळ खेळतात."

"मशीनमध्ये दिलीय ना पकड?" हे मी नाही, मालकांचा मुलगा म्हणाला. "मग खेळणार ती. उडी मार ना तू, लाथ आली की वर उडायचं. उडता येत नाय तर मशीन सोड."

"तू कोण बे?"

दाढीवाल्याचे दोन मित्र पुढे आले. मावशी उठली. "अरे, हात लावून बघा त्याला, सगळ्यांच्या घरी येऊन सांगते," ती म्हणाली. कोणाचंही घर तिला माहीत नव्हतं. पण ते मागे सरले आणि आम्ही बाहेर पडलो.

चालत आम्ही तलावपाळीला आलो. कठड्याशी उभं राहून तो म्हणाला, "काकी, तुमच्या यजमानांनी घड्याळ पळवलंय."

"आणि तुझ्या वडिलांना गाळा हवाय!" मावशीने ते इतके दिवस आत धरून ठेवलेलं.

त्याला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला, "गाळा पायजे असता तर मागितला नसता काय? आमचाच हाय तो."

मावशीने पर्स काखेत मारली आणि ती स्टेशनकडे चालू लागली.

संध्याकाळी घरी तिने काकांना समोर बसवलं. काकांनी आधी नाही म्हटलं, मग चहा संपवला आणि म्हणाले, "अगं, सगळेच करतात. खेळ लवकर संपला की दुसरा उभा राहतो. मशीन आलं त्याच महिन्यात केलंय मी ते. हिच्यासाठी कशाला करीन? ही तेव्हा खेळतसुद्धा नव्हती."

ते खरं वाटलं. पण रविवारी मी बघितलं ते काय होतं? मी विचारलं.

"साफ करत होतो म्हटलं ना," ते म्हणाले, आणि पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या हुकमावरून त्यांनी सगळ्या मुलांसमोर मशीनचं मागचं दार उघडलं. आत दाताएवढी पांढरी बटणं ओळीने होती. काकांनी पेनाच्या टोकाने एक बटण खाली केलं. मालकांचा मुलगा वाकून बघत होता. "बाकीची कशाची?" त्याने विचारलं.

"ती कंपनीने ठेवली तशीच आहेत."

"कशावरून?"

काकांनी दार बंद केलं.

घड्याळ सावकाश झाल्यावर पहिले काही दिवस मी हरतच होते. मग मागे सरकायची सवय मोडली आणि परत जिंकायला लागले. मुलांचा आरडाओरडा दुप्पट झाला, पण आता तो मशीनविरुद्ध नव्हता, माझ्याविरुद्ध होता. कोणीतरी म्हणालं, पकडीवर बंदी घाला, भिंतीवर तसं लिहून लावा. मालकांच्या मुलाने ते होऊ दिलं नाही. तो लाथ येताच उडायला शिकला. आणि एका संध्याकाळी त्याने माझाच पहिलवान घेतला आणि टच-पकड करून मला सलग तीनदा आपटलं.

मी टोकनं मोजणाऱ्या काकांकडे बघितलं. मला खरंच वाटलं की ह्यांनी त्याला काहीतरी सांगितलंय, मालकांना खूश ठेवायला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग मावशीच म्हणाली, "अगं, तो रोज तुझं बघून बघून शिकला. डोळे आहेत त्याला."

गाळा कोणी काढून घेतला नाही. दोनतीन वर्षांनी घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले, पार्लरची गर्दी आपोआप आटली आणि काकांनी तिथे झेरॉक्सचं मशीन टाकलं. मी नोकरीला लागले.

मालकांचा मुलगा माझ्या लग्नानंतर एकदा फडके रोडवर भेटला, कडेवर मुलगी घेऊन. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "आता तरी खरं सांग. घड्याळाचं तुला आधीपासून माहीत होतं ना?"

"नव्हतं रे. शपथ."

"बरं," तो म्हणाला, आणि हसला. त्याला ते अजिबात पटलेलं नव्हतं. मी आणखी काहीतरी सांगायला गेले, पण तेवढ्यात मुलगी फुग्यासाठी रडायला लागली आणि तो तिला घेऊन पुढे गेला.