पाहुण्यांपुरते सोल्डर पंप

मंडळी, घरी येऊन तास झाला तरी राग उतरत नाहीये, म्हणून हा मेल सगळ्या ग्रुपला पाठवतेय.

मी पुण्याहून काही महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेय त्या बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रातल्या कारखान्यात आज परदेशी गिऱ्हाईक येणार होतं. सकाळीच प्रत्येक टेबलावर नवाकोरा सोल्डर पंप आला. पार्ट जोडणारा धातू, म्हणजे वितळलेलं सोल्डर, तो खटकन ओढून घेतो आणि सर्किट बोर्डावरचा खराब पार्ट अलगद निघतो.

माझ्या शेजारी सरोजाक्का बसतात, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. गेली नऊ वर्षं त्या सोल्डर तापवतात आणि ते झडावं म्हणून बोर्ड टेबलावर आपटतात. हातभर चटक्यांचे डाग आहेत. आज पंपाने त्यांनी पहिली चिप काढली आणि हळूच म्हणाल्या, "इतकं सोपं होतं होय हे?"

चार वाजता पाहुणे गेले आणि स्टोअरवाला खोका घेऊन पंप गोळा करू लागला. मी माझा दिला नाही. तडक मॅनेजरकडे गेले.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, मॅडम," ते म्हणाले. "पंप बिघडतात. या बायकांना आपटायची सवय आहे."

"सर, एकदा त्यांचे हात बघा," मी म्हटलं. त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही.

परत येऊन मी माझा पंप सरोजाक्कांच्या हातात दिला. "कुणी मागितला तर माझं नाव सांगा."

त्यांनी तो स्वतःच खोक्यात टाकला. "तू उद्या पुण्याला परत जाशील गं. मला इथेच काम करायचंय."

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही काय बोलला असतात?