अक्काने मागवलेलं गाणं

अक्काचा हात तारेला लागला की आमच्या रेडिओचा आवाज सुधारायचा. गच्चीवरून आत आणलेली एरियलची तार ती दोन बोटांत धरून उभी राहायची आणि परदेशी स्टेशनची खरखर निम्म्याने कमी व्हायची. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी वडिलांना, म्हणजे अप्पांना, बातम्या ऐकायच्या असल्या, तरी आधी हाक अक्काला. मी तिचा धाकटा भाऊ, कॉलेजात जाणारा, पण माझ्या हाताला ती तार दाद देत नसे. याचाही मला राग यायचा, आता कबूल करायला काय जातंय!

युरोपात दरवर्षी देशादेशांची गाण्याची स्पर्धा होते, हे सत्तरच्या दशकात आम्हाला त्या रेडिओनेच सांगितलं. एका वर्षी पहिलं आलेलं गाणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागलं. कुठल्याशा छोट्या देशातल्या मुलीचं. भाषा इंग्रजी नव्हती, एवढंच मला कळलं. अक्का तार धरून जागची हलली नाही. पुढे काही दिवस ते पुन्हा पुन्हा लागत राहिलं आणि तिने ते ऐकून ऐकून वहीत उतरवलं. मराठीत ते उच्चार नीट बसेनात, म्हणून कानडी लिपीत लिहिलं; आमच्या घरात कानडीही चालायची. भाकरी थापताना तेच म्हणायची. आमची आई, अव्वा, वैतागून म्हणायची, "पयला नंबर म्हनं! आमच्या भजनाला कोन नंबर देत न्हाय त्यो."

"ह्येचा अर्थ काय असंल रे?" अक्का मला विचारायची. मॅट्रिकनंतर ती घरी बसलेली. मला इंग्रजी येतं म्हणजे जगातलं सगळंच येतं, असं तिला वाटायचं. ते स्टेशन दर रविवारी श्रोत्यांची नावं वाचून फर्माइशी लावायचं, पत्रांना उत्तरंही पाठवायचं. म्हणून तिने मराठीत पत्र लिहिलं: गाणं लावा, माझं नाव घ्या आणि शब्दांचा अर्थ कळवा. इंग्रजी करून पोस्टात टाकायचं काम माझं.

मी इंग्रजी केलं. खाली नाव मात्र माझं घातलं.

सबब तयार होती. अक्काला स्थळं बघणं चाललेलं, पोरीचं नाव रेडिओवर आलं तर लोक काय म्हणतील? अप्पांना मी विचारलंसुद्धा नव्हतं. खरं सांगायचं तर रेडिओवर आपलं नाव यावं, एवढीच माझी हाव होती.

मग दर रविवारी संध्याकाळी अक्का शेजारच्या दोन काकूंना बोलावून बसवायची. दोनेक महिन्यांनी एका रविवारी निवेदिका "सोलापूर, इंडिया" म्हणाली आणि तिने नाव घेतलं. माझं. अक्काने तार धरलेलीच होती. इतका स्वच्छ आवाज त्या रेडिओतून मी कधीच ऐकला नव्हता.

गाणं संपल्यावर अप्पा म्हणाले, "पत्र तर पोरीनं लिवलं हुतं. तिचं नाव का न्हाय आलं?"

मी सबब पुढे केली. अप्पा भडकले. "नाव आल्यानं कुनाचं लगीन मोडतंय व्हय? मला इचारायचं तरी!"

"असू द्या की अप्पा," अक्का म्हणाली. "इंग्रजीत त्येनंच लिवलं की." आणि ती काकूंसाठी चहा टाकायला आत गेली.

अर्थाचा कागद आला तेव्हा ती लग्न होऊन जेऊरला गेली होती. पाकिटावर माझंच नाव. मी तो कॉलेजात मिरवला आणि ट्रंकेत ठेवून दिला. जेऊर काही सातासमुद्रापार नव्हतं, गाडीत बसलं की स्टेशनवर उतरायचं. पण उद्या देऊ, दिवाळीला देऊ असं करत राहिलो. तिच्यासमोर तो कागद काढायची मला लाज वाटत होती. आजही वाटते.

शेवटी नेला, तेव्हा तिची मुलं कॉलेजात होती. अक्का अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. मी कागद उघडून मराठीत सांगायला लागलो, तशी तिने सूप खाली ठेवलं.

"नको वाचूस. इतकी वर्सं माजा मी अर्थ लावून म्हनतीया. आता दुसरा नको."

मग म्हणाली, "पाकिटावर नाव कुनाचं हाय?"

"माझं."

"मग तुज्यापाशीच ठेव की."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने उठून माझ्यासाठी चहा टाकला.