लिंबाजीच्या लोकरीच्या गाठी

लिंबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वालूरच्या घरी पेपर वाचत बसलो होतो. देवगाव फाट्यावरचा चहावाला बोलत होता. ‘सर, लिंबाजीमामा गेले. सकाळी शटर उचलायला वाकले अन् तिथंच खाली बसले...’ मी त्यालाच खडसावलं, ‘नीट बघ, चक्कर आली असेल!’ जसं काही माझ्या रागावण्यानं माणूस उठून बसणार होता. मला राग लवकर येतो, रडू उशिरा येतं. ते दोन आठवड्यांनी आलं, आणि कशामुळं आलं तेच सांगायला हे लिहायला बसलोय.

आम्ही दोघं शाळेत एका बाकावर. सातवीनंतर तो बापाच्या मेंढरांमागं गेला, मी शिकत राहिलो आणि विज्ञानाचा मास्तर झालो. मेंढरं विकल्यावर तो परभणीच्या एका गॅरेजात वायरिंग शिकला आणि फाट्यावर दुकान टाकून बसला. ट्रॅक्टर असो, जीप असो, ज्याची लाईट लागत नाही तो लिंबाजीकडं. मला तो शेवटपर्यंत ‘मास्तर’ म्हणायचा, आणि त्यात मान किती नि टिंगल किती, ते मला कधीच कळलं नाही.

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, तरुणपणी हैदराबादहून एक जुनी जर्मन गाडी आणली होती. आपल्याकडच्या गाड्यांना तेव्हा कार्बोरेटर असायचा. हिला मात्र इंजेक्शन, म्हणजे इंजिनाला कधी किती पेट्रोल सोडायचं ते विजेवर चालणारा एक डबा ठरवणार. दादाचा जीव होता तिच्यावर. पण पुढं वायरी वाळून कडक झाल्या, वायरी जोडायचे प्लास्टिकचे कपलर हात लावला की तुटायला लागले, आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली ती बारा वर्षं. मग दादाला अर्धांगवायू झाला. एके दिवशी अडखळत म्हणाला, ‘एकदा... बसायचंय तिच्यात. चालू करून.’ मी तडक फाटा गाठला.

लिंबाजीनं बॉनेट उघडलं आणि एका कडक वायरीवरून बोट फिरवलं. ‘लय हाल केलेत रे तुमी हिचे,’ म्हणाला. मग दर रविवारी दुकान बंद ठेवून यायला लागला. उष्णतेनं आणि तेलानं सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या झालेल्या, आणि कपलर सगळे एकसारखे. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कपलर सेन्सरला बसायचा, सेन्सरचा इंजेक्टरला. दुसरा कुणी असता तर चिकटपट्टीवर आकडे लिहिले असते. हा पठ्ठ्या खिशातून लोकर काढायचा! त्याच्या आईनं कधीकाळी हातानं कातलेली, लाल आणि हिरव्या रंगात बुडवलेली. पहिल्या इंजेक्टरच्या वायरीला लाल लोकरीची एक गाठ, दुसऱ्याला दोन, सेन्सरला हिरवी. मी हसलो तर म्हणाला, ‘चिकटपट्टी तेलात सुटून जाती, मास्तर. आमचा बाप मेंढरं मिसळायच्या आधी खूण करायचा. मिसळल्यावर कसली खूण करतूस?’ गाठ बांधल्याशिवाय तो एक कपलर काढायचा नाही. तोही क्लिप दाबून, कपलरलाच धरून. वायरीला कधी हिसका नाही. मी एकदा घाईनं वायर ओढली तर हातावर फटका दिला त्यानं. साठी उलटलेल्या मास्तरला!

दसरा जवळ आला तोवर सगळे कुजके कपलर त्यानं कापून काढले होते. इंजिनावर नुसती वायरींची टोकं आणि त्यांच्यावर रंगीत गाठी. नवे कपलर हैदराबादच्या जुन्या बाजारातून आले होते. येत्या रविवारी बसवायचे, आणि दादाला उचलून गाडीत बसवायचं. दादा रोज बोटांवर दिवस मोजत होता.

मध्ये खंडेनवमी आली. मी सकाळी गाडी धुतली, बॉनेट उघडलं, आणि ते तेलकट धागे बघून माझं डोकं फिरलं. दादाची गाडी, आणि अशा चिंध्या लोंबताना पूजा करायची? जुने कपलर काढून झालेत, खुणांचं काम संपलं, असं मीच ठरवून टाकलं. कात्री घेतली, एकेक गाठ कापली आणि शेडमागच्या उकिरड्यावर झेंडूच्या कचऱ्यात टाकून दिली. लिंबाजीला विचारावं, हे मनातसुद्धा आलं नाही. मास्तर ना मी!

थोड्या वेळानं तो नारळ घेऊन आला. बॉनेटमध्ये डोकावला. ‘मास्तर... गाठी कुठं हाईत?’ ‘उंदीर,’ मी म्हणालो. ‘उंदरांनी कुरतडल्या असतील.’ खोटं बोलतात म्हणून जन्मभर पोरांना छड्या मारलेला माणूस मी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग वायरींकडं. ‘लय शाना उंदीर दिसायलाय. गाठी तेवढ्या खाल्ल्या, वायरीला दात न्हाई लावला.’ मी हसलो. तो हसला नाही. नारळ फोडला, शेडमागं हात धुवायला गेला आणि तिकडूनच निघून गेला.

पुढच्या रविवारी त्यानं सगळं पहिल्यापासून धरलं. मीटरचं एक टोक डब्याच्या पिनेवर, दुसरं वायरीवर, आणि वायर जुळून मीटरची शिट्टी वाजेपर्यंत शोधायचं. जुळली की तिला पुन्हा नवी गाठ. कित्येक वायरी आतून तुटलेल्या, त्या शिट्टीच देईनात. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दादाला दुसरा झटका आला. माघात गाडी सुरू झाली तेव्हा त्याला उठवून बसवणंही शक्य नव्हतं. आम्ही त्याच्या खाटेजवळची, शेडकडची खिडकी उघडली. लिंबाजीनं किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. दादानं चांगल्या हाताचं एक बोट उचललं, आणि आवाज चालू होता तोवर तसंच वर धरून ठेवलं... गाडीत बसायचं राहिलं ते राहिलंच. महिन्याभरात तो गेला.

ते माझ्यामुळं राहिलं. हे लिंबाजीला सांगायला मी तेव्हाच तोंड उघडलं होतं, तर तोच म्हणाला, ‘आवाज ऐकला न्हवं दादानं? झालं मग. फिकीर नको करू.’ काम झाल्यावरही त्यानं नव्या गाठी काढल्या नाहीत. ‘ऱ्हाऊ दे. उंदराला दिसू दे,’ म्हणाला. त्यानंतर तीन वर्षं मी फाट्यावर जाऊन त्याच्यासोबत चहा पीत होतो. आज सांगू, उद्या सांगू. आज गिऱ्हाईक आहे, आज त्याचं डोकं दुखतंय. भित्रा माणूस शंभर कारणं शोधतो!

त्याचा चौदावा झाला त्या दिवशी वहिनींनी, लिंबाजीच्या बायकोनं, एक पत्र्याची डबी माझ्या हातात ठेवली. ‘तुमच्या गाडीचं हाय म्हनायचे. टाकू देत नव्हते.’ आत लोकरीच्या गाठी होत्या. धुऊन, लाल एकीकडं, हिरव्या एकीकडं. एकीला झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली. प्रत्येक धाग्याची टोकं सरळ, कात्रीनं कापलेली. तळाशी वहीचा कागद, त्यावर त्याच्या सातवीतल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मास्तरचे उंदीर’. त्याला त्याच दिवशी कळलं होतं. कळूनसुद्धा तो माघापर्यंत दर रविवारी येत राहिला, आणि मला एका शब्दानं लाजवलं नाही त्यानं. मी वहिनींसमोर हमसून रडलो.

परवा खंडेनवमीला गाडी धुतली. बॉनेट उघडलं. त्यानं बांधलेल्या गाठी तेलानं काळ्या पडल्यात, पण एकही सुटलेली नाही. फडकं दुरूनच फिरवलं आणि एकेका गाठीला कुंकवाचं बोट लावलं. मग किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

‘लिंबा, गाठी मी कापल्या रे,’ मी मोठ्यानं म्हणालो.

घरातून बायकोनं विचारलं, ‘कुणाशी बोलायलात?’

‘लिंबाशी,’ म्हणालो.