एका दोरावर दोघं

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, अक्कापुढं तर नाहीच. ज्यांना सांगायला हवं होतं ते दाजी गेले — आणि आता ऐकायला तेवढे तुम्ही उरलात. तुमची माझी ओळख नाही, हे बरंच आहे.

कालपासून किती वेळा लिहायला बसलो आणि उठलो. मी सध्या मुकुंदवाडीत, अक्काच्या घरी आहे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. दाजी तिचे मालक. परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मला घरात बसवेना. उठतो, स्टेशनापर्यंत जातो, फलाटावर उभा राहतो, एखादी गाडी जाऊ देतो, परत येतो. अक्का विचारते, कुठं गेला होतास? मी म्हणतो, पाय मोकळे करायला. पाय कधीच मोकळे झालेत.

परवा सकाळी दाजींची जुनी मंडळी न बोलावता आली आणि गल्लीत मांडव घालून गेली. पैशाचं कुणी विचारलंही नाही. त्यांचे मुकादम रहीमभाई आदरांजलीला उभे राहिले, म्हणाले, असा दोर धरणारा माणूस पुन्हा झाला नाही, पुढं हातानं दगा दिला ती गोष्ट वेगळी. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी घरातला शिकलेला, गंगापूरच्या कॉलेजात मराठी शिकवणारा. मी बोललो. चांगलं बोललो. दाजींच्या कष्टाबद्दल, त्यांच्या हातांबद्दल बोललो. बाया रडल्या. अक्काची जाऊ नंतर म्हणाली, भाऊ, तुम्ही बोलले म्हणून बरं वाटलं.

त्यांच्या हातांबद्दल मी बोललो — मी. म्हणून हे लिहितोय.

दाजी तंबू उभारायचे. लग्नाचा बांबू-कनातीचा मांडव नव्हे, ज्याला इकडं जर्मन हँगर म्हणतात तो. ॲल्युमिनियमचे खांब, त्यावर उंच कमानी, आणि वरून जाड पांढरं कापड. आत ट्रक फिरेल एवढा मोठा. सांगाडा उभारणं सोपं नसतं, पण खरा कस लागतो कापड चढवताना. प्रत्येक कमानीला लांबच लांब खाच असते. कापडाच्या दोन्ही कडा शेजारशेजारच्या दोन कमानींच्या खाचांत घालायच्या, दोन कडांना बांधलेले दोन दोर माथ्यावरून पलीकडं टाकायचे, आणि पलीकडच्या माणसांनी ते एका दमात ओढायचे. एका दोरावर दोघं. दोन्ही दोर सारखे आले तर कापड सरसर चढतं. एक मागं राहिला की कापड तिरपं होतं, खाचेत अडकतं, फाटतं.

यात एक गोष्ट आहे जी बाहेरच्याला कळत नाही. मला ती फार लवकर कळली. एका दोरावर दोघं असले की मागचा ओढतोय की नुसता धरून उभा आहे, हे पुढच्याला समजत नाही. त्याची पाठ असते. मुकादमाला लांबून दोघंही सारखेच वाकलेले दिसतात.

मी या कामावर कसा आलो तेही सांगायला हवं. लॉकडाऊनच्या आधी मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. कॉलेजं बंद झाली तसे तास संपले. पुढं बाकीचे धंदे हळूहळू सुरू झाले, कॉलेजं झाली नाहीत. मी अक्काच्याच घरात पुस्तकं वाचत पडून असायचो. एके दिवशी दाजींनीच विषय काढला — मास्तर, चल की माझ्यासंगं, तास सुरू होईस्तोवर. ते मला लग्नात पहिल्यांदा भेटले तेव्हापासून मास्तर म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता. त्यांना माझं कौतुक होतं, आणि मला ते कौतुक आवडायचं.

टीममधली पोरं चिडवायची. ओ सर, ह्यो दोर हाय, खडू नाय. मी हसायचो. पण खरं सांगू? मला ते लागायचं. मनातल्या मनात मी म्हणायचो, हे माझं काम नव्हेच. मी इथं थोड्या दिवसांचा. तुम्ही कायमचे.

पहिल्या आठवड्यात मी जीव तोडून ओढलं. तळहात सोलले. मग एकदा फार दमलो होतो तेव्हा नुसता दोर धरून वाकलो, दात आवळले, तोंडानं हुं केलं — आणि कापड चढलं. कुणाला काही कळलं नाही. दाजी पुढं होते, त्यांनी दोघांचं ओढलं. पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा चढलं. पुढं पुढं मी तेवढंच करू लागलो. दमलो होतो म्हणून, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. दमलो नव्हतो. मला त्यात हुशारी वाटायची. सगळे घाम गाळतायत आणि मी एकटा या खेळाच्या बाहेर उभा आहे — असं काहीतरी. रहीमभाईंनी हाळी दिली की मी वाकायचो आणि डोक्यात एखादा निबंध जुळवत राहायचो.

अजून मी मुद्द्यावर आलेलो नाही. येतो.

वाळूजला एका कारखान्याला मागच्या मोकळ्या जागेत तात्पुरतं गोदाम हवं होतं. सांगाडा उभा झाला. दुपार कलली आणि वारं सुटलं. रहीमभाई आभाळाकडं बघत म्हणाले, एवढं एक कापड चढवू आणि थांबू. डाव्या दोरावर दाजी आणि त्यांच्या मागं मी. उजव्यावर दुसरे दोघं. हाळी आली. मी नेहमीसारखा वाकलो.

कापड माथ्यापाशी आलं आणि त्यात वारं भरलं. शिडासारखं फुगलं. उजवी बाजू पुढं गेली, डावी अडकली. रहीमभाई ओरडले, डावे, जोर लावा. दाजींच्या पाठीचा एकेक स्नायू ताठ झालेला मला दिसत होता. माझ्या नाकासमोर दिसत होता. तेव्हा तरी मी ओढायला हवं होतं ना? मी ओढलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सवय झाली होती. आणि पुढच्या क्षणी दोर उलटा धावला. माझ्या हातांत तो सैलच होता, मी सोडून दिला. दाजींनी सोडला नाही. तो त्यांच्या तळहातांतून सणसणत गेला. कापड खाली घसरलं, लोखंडी पट्टीत अडकून मधोमध फाटलं.

कुणाला लागलं नाही. खाली माणूस नव्हता. पण असता तर — हे तिथं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

रहीमभाई धावत आले. किसका हाथ छूटा रे? दाजी आपल्या तळहातांकडं बघत उभे होते. कातडं निघालं होतं. ते म्हणाले, माझा सुटला असंल, भाई.

असंल म्हणाले. सुटला असं नाही म्हणाले.

आता पुढचं. सगळे फाटलेलं कापड गोळा करायला गेले तेव्हा मी कारखान्याच्या भिंतीआड गेलो. माझे हात कोरडे, धड होते. खरबरीत भिंत होती, गिलावा न केलेली. त्या भिंतीवर मी दोन्ही तळहात घासले. लाल होईपर्यंत, थोडं रक्त येईपर्यंत घासले. मग परत येऊन दाजींच्या शेजारी उभा राहिलो.

संध्याकाळी अक्कानं हळद आणली. ती दाजींपुढं बसली तर दाजी म्हणाले, मास्तरचं बघ आधी, त्याला सवय नाय. तिनं आधी माझ्या हातांना हळद लावली. मी लावून घेतली.

ती आत गेल्यावर दाजींनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. डॉक्टरला विचारतात तसं विचारलं.

“खरं सांग मास्तर, तुझा जोर होता का दोरावर?”

“होता दाजी. सगळा होता.”

“मग माझाच हात गेला म्हणायचा.”

ते आपल्या हाताची मूठ वळत होते आणि उघडत होते.

दुसऱ्याच कामाला रहीमभाईंनी त्यांना दोरावरून काढलं. रागावून काढलं असतं तर दाजी भांडले असते. पण रहीमभाईंनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, उस्ताद, आता तुम्ही खाली थांबा, पोरांकडं लक्ष ठेवा. दाजींनी मान हलवली. त्यांच्या जागी दुसरा आला. त्याच्या मागं मी. त्या दिवसापासून मी खरोखर ओढू लागलो. आता सांगून काय उपयोग?

दाजी घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, जाऊन हात दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, काही नाही, शिरा चांगल्या आहेत, ताकद चांगली आहे. दाजींनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला. माझा जोर होता, तरी दोर सुटला — म्हणजे दुसरा अर्थ काय निघणार? मोठा सरळ हिशेब होता तो, आणि त्यातलं एकच कलम खोटं होतं.

खाली थांबून सतरंज्या अंथरणं आणि खुर्च्या उतरवणं त्यांना फार दिवस जमलं नाही. बजाजनगरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. इतका ताकदीचा माणूस खुर्चीत बसून वह्यांत गाड्यांचे नंबर लिहू लागला. घरी पाण्याचा हंडा अक्का उचलायची. त्यांनी हात पुढं केला तर तीच म्हणायची, राहू द्या, तुमच्या हाताचा भरवसा नाय. प्रेमानं म्हणायची. मी तिथंच जेवत असायचो.

त्यांच्या लेकीला मुलगी झाली. नातीला बघायला सगळे जमलो. लेकीनं बाळ त्यांच्याकडं दिलं तसे दाजी दोन पावलं मागं सरले. म्हणाले, उभ्यानं नको. मग भिंतीला टेकून खाली बसले, मांडीवर उशी घेतली, म्हणाले, आता दे. ती पोर चालायला लागेपर्यंत त्यांनी तिला कधी उभ्यानं उचलली नाही. ती दोन्ही हात वर करून त्यांच्यापुढं उभी राहायची. ते खाली बसायचे.

त्या घरात मी काय करत होतो? मला गंगापूरला नोकरी लागली होती. सुटीच्या दिवशी फळं घेऊन यायचो. दाजी शेजाऱ्यांना सांगायचे, आमचा मास्तर प्रोफेसर झाला.

इथवर सांगून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, तरुण होता, घाबरला, एकदा खोटं बोलला, मग वेळ निघून गेली. मीही स्वतःला बरेच दिवस तसंच सांगत आलो. पण वेळ निघून गेली नव्हती. वेळ परत आली होती. चालत घरी आली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार होता, मी अक्काकडं आलो होतो, चहा होत होता. दाजींचा फोन वाजला. रहीमभाई. गंगापूर रोडला शेतीचं मोठं प्रदर्शन होतं, चार-चार हँगर उभारायचे होते आणि नेमकी दोरावरची माणसं गावाकडं गेली होती. उस्ताद, दोन दिवस या, फक्त दोरावर, सोबत दोघं देतो, जड जाणार नाही. दाजींनी फोन गुडघ्यावर ठेवला, हातानं झाकला, आणि माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

“जाऊ का रे मास्तर? एकदा धरून बघावं वाटतंय.”

मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी म्हणणार नाही. मिळाला. अगदी स्पष्ट विचार आला. हे जातील, दोर धरतील, कापड चढेल. दोन दिवस चढेल. तिसऱ्या दिवशी हे शांत बसून विचार करतील की हाताला तर काही झालेलं नाही. मग त्या दिवशी वाळूजला काय झालं? दोरावर दोघंच होतो.

ते मला रागावले नसते, हेही मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो,

“कशाला दाजी? परत सुटला आणि खाली एखादं पोर असलं तर?”

एवढंच म्हणालो. त्यांना स्वतःचं भय कधी नव्हतं. दुसऱ्याला लागेल याचं होतं. ते मला पक्कं माहीत होतं, म्हणून नेमकं तेच म्हणालो.

चेहरा विझला असं लिहायचं मनात येतंय, पण तसं झालं नाही. ते फक्त हो म्हणाले. व्हय, ते बी हायच. फोन कानाला लावून रहीमभाईंना सांगितलं, भाई, आता नाय जमायचं, तुम्ही दुसरा बघा. पलीकडून रहीमभाई काहीतरी समजावत होते. दाजी ऐकत राहिले, मग म्हणाले, नाय, मास्तर पण नको म्हणतोय.

त्यानंतर ते वर्षभर जगले. मी बहुतेक सुट्टीला येत होतो. त्यातल्या कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. गेल्या महिन्यात गेटवर, खुर्चीत बसल्या बसल्या, ते गेले. छातीत कळ आली म्हणतात. हाताला शेवटपर्यंत काहीच झालेलं नव्हतं.

त्या रविवारी फोन खाली ठेवल्यावर दाजींनी चहाचा कप जवळ ओढला. लहान कप होता, अर्धाच भरलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला.